पशुवैद्यकीय महाविद्यालयाला देणगी द्यायची असेल तर ती कशासाठी आणि कशी द्यावी?

आपण लिहिले आहे की आपल्या लॅब्रॅडॉर कुत्रीवर शेवटचे आठ महिने एका शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात उपचार झाले, तिथल्या डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी तिचे मनापासून केले, आणि आता तिच्या स्मरणार्थ त्या महाविद्यालयाला दोन लाख रुपयांचे एखादे यंत्र घेऊन द्यावे अशी आपली इच्छा आहे. मी १९९४ साली पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि नोकरीचा सगळा काळ तालुक्यांच्या दवाखान्यांत काढला. आपल्या प्रश्नातला ‘यंत्र’ हा शब्द वाचून हे उत्तर लिहायला बसलो. माझे मत स्पष्ट आहे: यंत्र देऊ नका.

२०१९ साली आमच्या तुकडीला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा आम्ही वर्गमित्रांनी मिळून नऊ लाख रुपये जमवले. त्यांचे काय करायचे हे ठरवायला झालेल्या बैठकीत मी सुचवले की हे पैसे मुदत ठेवीत ठेवावेत आणि व्याजातून महाविद्यालयाच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीला डिझेल आणि औषधे मिळावीत. माझा एक जवळचा मित्र, ज्याने एकट्याने दोन लाख दिले होते, तो म्हणाला, “अरे, डिझेलला कधी कोणी देणगी देतं का? आणि दिली, तर आपलं नाव लिहायचं कुठे?” त्याने परळचे उदाहरण दिले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी जनावरांच्या रुग्णालयासाठी दान दिले, त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव लागले, १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात सुरू झाले, आणि ते नाव आजही आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हात वर करून मतदान झाले आणि सोनोग्राफीचे यंत्र घ्यायचे ठरले.

यंत्र चांगले होते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. गायी-म्हशींच्या गर्भतपासणीसाठी लागणारा वेगळा प्रोबही, म्हणजे शरीराला लावून चित्र घेणारा केबलचा भागही, त्यासोबत घेतला होता. परंतु हा प्रोब खोड्यात उभ्या केलेल्या जनावराच्या गुदाशयातून आत न्यावा लागतो, जनावर हलते, लाथ मारते, कधी खाली बसते, आणि त्या ओढाताणीत केबल फार काळ टिकत नाही. चौदा महिन्यांत ती तुटली. नव्या प्रोबसाठी एक लाख ऐंशी हजार रुपये लागणार होते. आम्ही वार्षिक देखभालीचा करार केला नव्हता, कारण त्याचे पैसे वाचवून आम्ही उद्घाटनाचा कार्यक्रम केला होता. आणि देणगीत आलेल्या यंत्राच्या दुरुस्तीसाठी महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. २०२२ साली लम्पीच्या साथीच्या काळात मी तिथे गेलो, तेव्हा ते यंत्र कापडाखाली झाकलेले होते आणि भिंतीवर आम्हा अठ्ठेचाळीस जणांच्या नावांची पितळी पाटी होती. फिरत्या दवाखान्याची गाडीही मागच्या बाजूला उभीच होती. अंतिम वर्षाच्या एका मुलीला मी विचारले की म्हशीच्या गर्भाशयाचा पीळ कधी सोडवला आहे का. ती म्हणाली, “सर, पडद्यावर चित्रं बघितलीत.”

हे उत्तर मला का लागले ते सांगतो. १९९३ साली आमच्या सरांनी त्याच फिरत्या गाडीतून आम्हा सहा विद्यार्थ्यांना एका वाडीवर नेले होते. म्हैस दोन दिवस अडलेली होती आणि गर्भाशयाला पीळ पडलेला होता. सरांनी मला बाही वर करायला लावून हात आत घालायला सांगितले, आणि योनिमार्गाच्या भिंतीला पडलेल्या घड्या कोणत्या बाजूला वळल्या आहेत ते बोटांनी ओळखायला लावले. पीळ उजवीकडे होता, म्हणून म्हशीला उजव्या कुशीवर पाडले, पोटावर लांब फळी ठेवून एकाला तिच्यावर उभे केले, आणि बाकीच्यांनी दोरांनी बांधलेले पाय ओढत तिला पिळाच्याच दिशेने उलथवले. दुसऱ्या खेपेला घड्या सुटल्या आणि अडकलेले पाणी बाहेर आले. नोकरी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात, रात्री अकरा वाजता, मी एकटा अशाच एका म्हशीपाशी उभा होतो आणि माझ्या हाताला त्या घड्या आठवल्या. अशी म्हैस वेदनेने तळमळत असते. तिला टेम्पोत घालून महाविद्यालयापर्यंत आणणे बहुतेक शेतकऱ्यांना जमत नाही. विद्यार्थ्यालाच तिच्यापर्यंत जावे लागते, आणि त्यासाठी डिझेल लागते.

पेटिटांविषयीचे उत्तर मला नंतर सापडले, ते आता देतो. परळच्या त्या रुग्णालयाला मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. तिथे जनावरे येत राहिली आणि त्यांच्यावर शिकत विद्यार्थी घडत राहिले, हेच त्या दानाचे मोठेपण आहे; पेटिटांचे नाव त्या चालू कामामुळे राहिले. माझ्या मित्राने पाटी पाहिली आणि काम पाहिले नाही, असे मी त्याला आता लिहूनही कळवले आहे.

तुमच्या दोन लाखांचा हिशेब करून पाहा. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला चौदा हजार रुपये येतात, म्हणजे सुमारे दीडशे लिटर डिझेल. गाडी लिटरला दहा किलोमीटर चालली आणि एक फेरी पन्नास किलोमीटरची धरली, तर दर वर्षी तीस फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत सहा विद्यार्थी बसतात.

देणगी कशी द्यावी, हे आपण विचारले होते. राज्यातली शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत, म्हणून आधी अधिष्ठात्यांना, म्हणजे महाविद्यालयाच्या प्रमुखांना, लेखी पत्र द्या, त्यात पैसे नेमके कशासाठी वापरायचे ते एका वाक्यात लिहा आणि विद्यापीठाची मंजुरी लेखी मागा. माजी विद्यार्थ्यांची नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्यामार्फतही देता येते. करसवलत हवी असल्यास घेणाऱ्या संस्थेकडे ८०जीची मान्यता आहे का ते पाहा. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मिळत नाही आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख रकमेवर ती कोणालाच मिळत नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. प्रत्येक ठिकाणी गाडीच अडलेली असते असे नाही. आपल्या कुत्रीवर उपचार करणाऱ्या विभागात कदाचित क्ष-किरण यंत्राचा एखादा भागच हवा असेल, आणि विभागप्रमुखांनी देखभालीची लेखी हमी दिली तर तो जरूर द्या. माझा अनुभव मोठ्या जनावरांचा आहे, पाळीव प्राण्यांच्या दवाखान्याचा नाही. तरीही गाडीलाच पैसे दिलेत, तर कुत्रीचे नाव फेऱ्यांच्या नोंदवहीवर लिहायला सांगा; दर फेरीला गावाचे आणि जनावराचे नाव भरताना कोणीतरी विद्यार्थी ते वाचेल.