पहिल्या पीआरवर काय लिहावं?

प्रश्न : आमच्या छोट्या पायथन लायब्ररीवर एका विद्यार्थिनीचा पहिलाच पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा कोडमधला बदल घ्या' अशी विनंती) आलाय. वाचताना वीसेक गोष्टी खटकल्या. सगळ्या लिहू की निम्म्या सोडून देऊ?

आधी हे सांगा, की हा बदल तुम्हाला हवा आहे. नवख्याला तेच कळत नसतं, आणि ते न सांगता वीस कमेंट पडल्या की आपला पीआर नाकारला असंच त्याला वाटतं. मग त्या वीस गोष्टी चाळा. स्पेस, ओळीची लांबी, इम्पोर्टचा क्रम यांवर माणसाने शब्द खर्चू नयेत. ते काम करणारं रफ हे साधन सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) लावा. लिनक्स कर्नलमध्येही अशा तपासणीसाठी चेकपॅच ही स्क्रिप्ट आहे. उरलेल्यांतलं जे केल्याशिवाय बदल मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) होणार नाही, ते वेगळं काढा. बाकीच्यांपुढे 'निट' (किरकोळ सूचना) लिहायची पद्धत आहे, पण नव्या माणसाला ती ठाऊक असेलच असं नाही. 'नाही केलंत तरी चालेल' असं सरळ लिहा. एकच चूक आठ जागी असेल तर एकदाच दाखवा. आणि जे सांगायचं ते पहिल्याच फेरीत सांगा, कारण दर फेरीला नवी मागणी निघू लागली की भलेभले कंटाळून सोडून जातात.

प्रश्न : मी फक्त 'असं का केलं?' एवढंच विचारलं. तो मुलगा पुन्हा फिरकलाच नाही. एवढं काय लागलं त्याला?

समोर बसून विचारलं तर ते कुतूहल वाटतं. पीआरखाली, चारचौघांत, तेच वाक्य जाब विचारल्यासारखं वाचलं जातं. त्यातून दुरुस्ती काय करायची हेही कळत नाही.

समजा, त्याने लांब शीर्षक आखूड करायला स्ट्रिंग (कोडमधला मजकूर) थेट कापली आहे. मी अशी कमेंट लिहीन : 'इंग्रजी शीर्षकांना हे नीट चालतंय. पण "पुणे" तीनवर कापलं तर "पुण" उरतं, कारण पायथन इथे कोडपॉइंट (युनिकोडमधली एकेक खूण) मोजतो आणि मात्रा, उकार त्यात वेगळे धरले जातात. ग्राफीम क्लस्टरनुसार, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या एकेका अक्षरानुसार, कापावं लागेल. रेजेक्स हे मॉड्यूल ते ओळखतं. "पुणे"ची एक टेस्टही जोडाल का?' कोणता इनपुट दिला, काय आलं, कशामुळे आणि पुढची वाट कोणती, एवढं हातात पडलं की तो मुलगा त्याच संध्याकाळी कामाला लागू शकतो. 'हे चुकीचं आहे' वाचून त्याने काय करावं?

प्रश्न : त्यापेक्षा मीच दुरुस्त करून मर्ज केलं तर?

टायपो असेल तर खुशाल. गिटहबवर सुचवलेली ओळ त्या विद्यार्थिनीला बटण दाबून स्वीकारता येते, ते उत्तम. मोठा बदल करणार असाल तर आधी विचारा. तिचा कोड उचलून स्वतःच्या नावाने नवा कमिट (कोडच्या इतिहासातली बदलाची नोंद) मात्र कधीही करू नका. तिचे कमिट तसेच ठेवून वर तुमचा जोडा, नाहीतर निदान सहलेखक म्हणून तिचं नाव कमिटच्या संदेशात घाला. अनेकांसाठी तो पहिला कमिट फार मोलाचा असतो.

प्रश्न : बदल मुळात नकोच असेल तर?

लगेच सांगा, कारणासकट. दोन फेऱ्या दुरुस्त्या करून घेतल्यावर नकार देणं हा सरळ अन्याय आहे. तिला झेपेल असा एखादा उघडा इश्यू (नोंदवलेलं, अजून न झालेलं काम) नेमका दाखवा, आणि नकाराचं कारण कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्येही (योगदान कसं द्यायचं ते सांगणाऱ्या) लिहून ठेवा, म्हणजे पुढचा माणूस कोड लिहिण्याआधीच ते वाचेल.