विभागप्रमुखांना नको, दुसऱ्या कुणाला विचारा

विक्रोळीहून एका वडिलांचं पत्र आलंय. बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. समाज भटक्या-विमुक्तांपैकी, मुलगी घरातली पहिली पदवीधर, समाजशास्त्रात सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालेली, तीन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. ते लिहितात, 'चर्चासत्रं, संशोधनाच्या योजना बाकीच्यांना आधीच कळतात, हिला मुदत संपल्यावर. आमचा वशिला नाही. पीएच.डी.शिवाय नोकरी नाही म्हणतात. मी प्राचार्यांना भेटून येऊ का?'

सप्रेम नमस्कार.

आधी एक भीती काढून टाका. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२३ मध्ये नियम बदललाय. सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी किमान पात्रता म्हणून सेट चालते. पीएच.डी. तिने करावीच, पण अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नये. पीएच.डी.ला प्रवेश झाला की महाज्योतीच्या (ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठीची राज्य सरकारची संस्था) अधिछात्रवृत्तीवर, म्हणजे संशोधनासाठीच्या शिष्यवृत्तीवर, लक्ष ठेवा. जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागद आत्ताच काढा, ऐनवेळी सरकारी कार्यालयांत फार रखडायला होतं.

आता मूळ दुखणं. ज्यांच्या घरात प्राध्यापक आहेत, त्यांना या गोष्टी जेवताजेवता कळतात. तुमच्या घरात ते सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच. कॉलेजशिक्षकांना ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांचा आधार मिळावा, त्यात भारतीय भाषांतून शिकवू शकणारेही असावेत, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय. पण तो आधार दारात येईपर्यंत थांबायचं कशाला?

विभागप्रमुखांना मात्र विचारू नये, ते कितीही सज्जन असोत. पुढच्या वर्षीचे तास ज्यांच्या हाती, त्यांच्यापुढे 'मला हे जमत नाही' असं कोण कबूल करेल? एम.ए.ला शिकवणाऱ्या बाई, दुसऱ्या कॉलेजातलं तिच्या विषयाचं कुणी, किंवा निवृत्त झालेले सर बघा. निवृत्तांना वेळ असतो आणि कुणाची भीड नसते. माणूस आपल्याच समाजातला हवा असा हट्ट नको. पण ओळखीत एक तरी असा असावा, ज्याला स्टाफरूममधला टोमणा फोड करून सांगावा लागत नाही.

'मार्गदर्शन करा' असं मोघम बोललं की सगळे हो म्हणतात आणि विसरतात. 'माझा संशोधन आराखडा चार पानांचा आहे, शनिवारी अर्धा तास द्याल का?' असं विचारावं. सहा महिन्यांनी बघावं, त्यांनी तिचं नाव कुठे व्याख्यानाला, एखाद्या प्रकल्पाला सुचवलं का. नुसता उपदेशच होत असेल, तर नमस्कार करून दुसरं दार ठोठवावं.

आणि प्राचार्यांकडे तुम्ही जाऊ नका. तीन वर्षं वर्ग सांभाळतेय ती. पुढचं पत्रही तिलाच लिहू द्या.