कॉलेजवाले आमच्या तलावाचं पाणी, माती, मासे मोजून नेतात. आम्हा ढिवरांना त्याचा काय उपयोग?

तुम्ही लिहिलंय की सिंदेवाहीकडच्या तुमच्या मामा तलावात (मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारी काळातला तलाव) मच्छीमार संस्था दरवर्षी माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, टाकते, तरी मासोळी कमीच होत चालली आहे. आणि दोन-तीन वर्षांआड कोणत्या ना कोणत्या कॉलेजची मुलं येतात, बाटल्या भरतात, मासे मापतात, माती पिशवीत घालतात आणि जातात ते जातातच. "मोजून आमचं पोट भरते काय?" हा तुमचा शेवटचा सवाल. भाऊ, मी ढिवराचीच, म्हणजे मासे धरून जगणाऱ्या समाजाचीच मुलगी आहे, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. आणि प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना तशा बाटल्या मीही भरल्या आहेत. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

आधी तुमच्या रागाबद्दल. तो खरा आहे. मी आठवीत असताना आमच्या तलावावर अशीच एक टीम आली होती. माझ्या मोठ्या बाबांनी चार दिवस त्यांचा डोंगा चालवला. कोणती मासोळी कुठे बसते, कधी चढते, कशाला भुलते, सगळं सांगितलं. त्या लोकांनी वहीत लिहून घेतलं, अहवाल पाठवतो म्हणाले. आजपर्यंत एक कागद आला नाही. मोठे बाबा अजूनही मधूनच विचारतात, "त्या लोकायनं मंग काय काढलं बापा?" ज्यानं माहिती दिली त्याला निकाल न सांगणं हा अन्याय आहे आणि तो खूप ठिकाणी झाला आहे. पण मोजणंच फुकट, असं मी म्हणणार नाही. तुमच्या तलावात मासोळी का कमी झाली, याचं उत्तर त्या मोजण्यातच आहे. फक्त बहुतेक लोक चुकीची गोष्ट मोजतात.

बीजाचं आधी सांगते. रोहू, कटला, मृगळ हे मुळात उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला, वाहतं पाणी मिळालं की ते अंडी घालतात. तलावाच्या उभ्या पाण्यात ते वाढतात, वजन धरतात, पण सहसा विणत नाहीत. पूर्वी नदीतून जिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, गोळा करून आणावे लागत. १० जुलै १९५७ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची (रोहू, कटला, मृगळ याच कुळातले) पैदास करून दाखवली, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. १० जुलैला देशभर मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यासाठीच. म्हणजे हे बीज दरवर्षी टाकावंच लागणार, त्यात तुमच्या संस्थेची चूक नाही. चूक होते ती मापात. जिरे जेमतेम अर्धा सेंटिमीटरचं असतं. ते थेट मोठ्या तलावात सोडलं तर मरळीला, काटव्याला आयतं जेवण मिळतं. आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली झाल्यावर सोडली तर तगते. तुमच्या ठेक्याच्या पैशात किती हजार बीज आलं हे सगळे विचारतात, केवढं आलं हे कोणी विचारत नाही. पुढच्या खेपेला गाडी आली की मूठभर काढून पट्टीवर ठेवून पाहा.

पण बीज हा अर्धाच भाग आहे, आणि माझ्या मते लहान अर्धा. तुमच्या गावात मासोळी कमी झाली असं म्हातारी माणसं म्हणतात तेव्हा त्यांना रोहू आठवत नाही. त्यांना मरळ, मांगूर, शिंगूर, काटवा, वाम आणि ती चिल्लर मासोळी आठवते, जी बाया टोपलीत घालून गावोगाव विकत आणि उरलेली घरी सुकवत. या मासोळीचं बीज कोणी टाकलेलं नव्हतं. ती आपोआप होती. कुठे होती? काठावर. आणि काठच गेला.

हे मला कळलं ते एका पहाटे. माझ्या प्रोजेक्टसाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा होता. त्याची जुनी पद्धत आहे. काचेच्या बुचाच्या बाटलीत पाणी भरायचं, हवेचा एक बुडबुडाही आत राहू द्यायचा नाही, मग दोन औषधं थेंब थेंब सोडायची. पाण्यात ऑक्सिजन असला की आत तपकिरी साका धरतो. जितका ऑक्सिजन जास्त तितका साका गडद. ऑक्सिजन नसला तर साका पांढराच राहतो. मोठे बाबा डोंग्यात माझ्यासमोर बसले होते, सूर्य उगवायचा होता. मोकळ्या गढूळ पाण्यातली बाटली फिकट आली. दुपारी त्याच जागेची थोडी बरी. मग काठालगत, जिथे पाण्याखालचं गवत अजून शाबूत होतं, तिथली बाटली दुपारी भरली, तर बिनदुधाच्या चहासारखी झाली. मोठ्या बाबांनी ती उजेडात धरली, हलवली आणि म्हणाले, "हे तर आमाले ठाऊकच होतं. गवतात मासोळी दम घेते." ज्यासाठी मी वर्षभर पुस्तकं वाचली होती ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पण भाऊ, बाटलीमुळे एक गोष्ट वेगळी झाली. ते वाक्य आता संस्थेच्या सभेत आकड्यानिशी मांडता येतं, आणि आकडा असला की अधिकारी मान वर करतात.

इथे एक खुलासा करते, नाहीतर अर्धवट माहितीनं नुकसान होईल. गवत दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री स्वतःच घेतं. म्हणून तलाव सगळाच गवतानं कोंदला तर पहाटे मासे गुदमरतात. श्रावणात चार दिवस ऊन पडलं नाही की रोहू-कटला पहाटे तोंड वर काढतात, ते तुम्ही पाहिलं असेल. पाण्यातला ऑक्सिजन लिटरला पाच मिलिग्रॅम असला तर कार्प मासा सुखात राहतो, तीनच्या खाली गेला की त्याचं काही खरं नाही. मरळ, मांगूर, शिंगूर यांना मात्र वरची हवा घेता येते. ते चिखलातही तग धरतात. मग ते का कमी झाले?

कारण त्यांना घर लागतं. मरळ उथळ पाण्यात गवत बाजूला सारून जागा करते, तिथे अंडी घालते आणि नर-मादी राखण करतात. पिल्लं निघाली की लालसर नारंगी रंगाचा थवा काठाकाठानं फिरतो, खाली मरळ असते. मांगूर नव्या पाण्यात काठच्या गवतात आणि धानाच्या बांध्यांत चढून विणतो. म्हणजे या मासोळीचं बाळंतघर म्हणजे तलावाची ती उथळ, गवताळ, देवधान (रानटी भात) उगवलेली कडा. आमच्या गोंदिया जिल्ह्यात सारसही अशाच जागी वावरतो. आता त्या कडेवर काय आहे? बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप, काडी तुटून पडली तरी तिला मुळं फुटतात. त्याच्या खाली काही उगवत नाही. उरलेली कडा गाळ काढताना जेसीबीनं उभी कापली. गाळ काढूच नये असं मी म्हणत नाही, शेतकऱ्याला तो हवाच असतो. पण काठाचा उतार कापून पाणी एकदम पुरुषभर खोल केलं की तिथे ना कमळाचा कंद राहतो ना मरळीची जागा. त्यात कोणीतरी गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, सोडला असेल तर राहिलेलं गवतही त्यानं फस्त केलं असणार. त्याचं कामच ते. तिलापिया आला असेल तर तो तोंडात अंडी सांभाळून दोन-तीन महिन्यांत पुन्हा विणतो आणि सगळी जागा व्यापतो.

माती कशाला नेतात, असंही तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर जमिनीखाली आहे. नागपूरच्या पश्चिमेला वऱ्हाडात काळा बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आपल्याकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात, त्याहून कितीतरी जुना कठीण नाइस आणि ग्रॅनाइटसारखा खडक आहे. त्यात पाणी फार मुरत नाही, विहिरीला भरवसा नाही, पण पाऊस मात्र तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. मग दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घालून पाणी अडवणं हाच शहाणपणा. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळे, आणि कोहळी या शेतकरी समाजाच्या लोकांनी हे काम असं केलं की आजही त्यांच्या पाळी उभ्या आहेत. आमच्याजवळचं नवेगावबांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं सांगतात; भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. पाच जिल्ह्यांत मिळून असे जवळजवळ सात हजार तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची रोजची राखण करणारा कोणी उरला नाही. मामा तलाव हे नावच माजी मालगुजारीचं.

तर या खडकावरून वाहून आलेल्या पाण्यात चुनखडीचा अंश कमी असतो, पाणी मऊ असतं. अशा पाण्यात माशाचं सूक्ष्म खाद्य कमी तयार होतं. बुलढाण्याच्या तळ्यात चालणारा हिशेब आपल्या तलावात चालत नाही तो त्यामुळे. मातीचा सामू (पीएच) आणि पाण्याची अल्कता मोजली तर बोडीत (लहान तळ्यात) चुना टाकायचा की नाही आणि किती, हे सांगता येतं. नाहीतर दुकानदार सांगेल तेवढं पोतं आपण ओततो.

काठ पुन्हा पहिल्यासारखा केला तर मासोळी परत येते का? येते. आमच्याच भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर बायांना सोबत घेऊन हे काम केलं आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की बेशरम मुळासकट उपटायची, कोरड्या तळाची नांगरणी करायची, आणि पहिल्या पावसानंतर चांगल्या तलावातलं हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुदिनी, देवधान आणून लावायचं. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या कामाची, ही माहिती म्हाताऱ्या ढिवरांकडून घेतली. मला या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं संशोधन हेच वाटतं, कारण त्यात गावाला विचारलं गेलं आणि उत्तर गावातच राहिलं.

तेव्हा पुढच्या वेळी टीम आली की हाकलू नका, पण तुमच्या अटी सांगा. डोंग्यात तुमच्यातला एक जाणता माणूस बसेल आणि पाण्याची बाटली पहाटेही भरली जाईल, नुसती दुपारी बारा वाजता नाही. माशाची यादी करतील तर आपल्या बोलीतली नावं पण लिहायची. काठावरचं गवत किती मीटर आहे तेही मोजायचं. आणि निघताना मराठीत एक पान ग्रामपंचायतीत लावायचं. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती नोंदवही एकदा मागून पाहा. आमच्याकडे ती कपाटात कोरी सापडली होती. मग मी आणि मोठे बाबा दोन रविवार बसलो, त्यांनी नावं सांगितली, मी लिहिली. एकेका मासोळीपुढे ती कोणत्या नक्षत्रात विणते, कोणत्या गवतात, आधी किती मिळे आणि आता किती, असं सगळं.

टीमची वाट पाहायचीही गरज नाही. एक पांढरी-काळी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडा, दिसेनाशी होते तिथे दोरीला गाठ मारा, वीतभर की हातभर ते लिहा. दर पंधरवड्याला एकाच जागी, एकाच वेळी. पाणी किती गढूळ झालं हे त्यावरून कळतं आणि खर्च काहीच नाही. आणि नवं पाणी आल्यावर काठावर मरळीच्या लाल पिल्लांचा पहिला थवा ज्या दिवशी दिसेल ती तारीख वहीत टाका, किती थवे दिसले तेही. त्या थव्यावर जाळं टाकायचं नाही आणि खालची मरळही धरायची नाही, एवढं मात्र संस्थेच्या सभेत ठरवून घ्या. तिला धरलं की पिल्लांची राखण संपते. आमच्याकडे हा ठराव मोठ्या बाबांनीच मांडला होता. बेशरम उपटायचं काम यंदा होळीनंतर काढणार असाल तर मला इथेच लिहा. कोणत्या तलावातून कोणतं गवत आणता येईल ते मी मोठ्या बाबांना विचारून कळवते.