"हिची हाडं झिजायला लागल्यात"

करवीर तालुक्यातील 19 वर्षांची एक विद्यार्थिनी आपल्या आत्याबरोबर कोल्हापूरच्या राजारामपुरीतील माझ्या कक्षात आली. बोलत होत्या त्या आत्याच. "हिच्या अंगावरनं पांढरं जातंय, ताई. हाडं झिजायला लागल्यात हिची." आत्या बाहेर थांबल्यावर मुलीने सांगितले की दर महिन्याला काही दिवस फार ओलसर वाटते आणि त्या धास्तीने ती रोज जंतुनाशक द्रवाने योनी आतून धुते. गडद रंगाच्या आतल्या कपड्यांवर उमटणारे फिके डाग तिला आजाराचा पुरावा वाटत होते.

खाज, दुर्गंधी, जळजळ, ओटीपोटात दुखणे यांपैकी काहीही नव्हते. मी तिला आतून धुणे त्याच दिवशी थांबवायला सांगितले, कारण योनीतील उपकारक जिवाणू तेथील सामू (pH) 3.8 ते 4.5 च्या दरम्यान आम्लधर्मी ठेवतात, त्यानेच इतर जंतू दूर राहतात आणि कपड्याचा रंगही त्यानेच फिका पडतो. शिवाय दोन महिने कॅलेंडरवर रोज नोंद करायला सांगितले.

ती नोंद फार नेटकी होती. पाळीनंतर दोन-तीन दिवस कोरडे, मग चिकट पांढुरका स्राव, पाळी सुरू झाल्यापासून 13 ते 16 या दिवसांत कच्च्या अंड्यातील पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, बोटांत ताणला जाणारा, आणि त्यानंतर पुन्हा दाट व थोडा. तिची पाळी 30 दिवसांनी येते. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटते, म्हणजे तिच्या बाबतीत सोळाव्या दिवसाच्या आसपास. त्याआधी वाढणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयमुखाचा स्राव पातळ करते आणि नंतरचे प्रोजेस्टेरॉन तो दाट करते. हाडांचा येथे काहीही संबंध नाही. हे ऐकून ती रडली. एवढी साधी गोष्ट तिला शाळेतच कळायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

मग आत्यांनाही आत बोलावले आणि दह्याच्या चोथ्यासारखा व खाज आणणारा, माशासारखा वास येणारा करडा, हिरवट फेसाळ किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तमिश्रित स्राव दिसला, तर दुकानातून गोळ्या न आणता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे, असे दोघींना समजावले.

आत्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली, पण अधनंमधनं लालसर दिसतंय. ते उष्णतेचं असंल न्हवं?" पाळी कायमची गेल्यावर थेंबभर रक्त दिसले तरी तपासणी टाळायची नसते. त्याच दुपारी भाचीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.