स्टोरीच्या कार्डावरचा ‘रिस्क’चा रकाना : धोका की जोखीम?

प्रश्न सोलापुरातल्याच एका टेस्टर ताईंचा आहे, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या ताईंचा. त्यांच्या टीममध्ये मराठी, तेलुगू आणि कानडी घरांतली मुलं आहेत. काम ॲजाइल पद्धतीनं, म्हणजे लहान लहान टप्प्यांत चालतं, दर दोन आठवड्यांनी नियोजनाची बैठक होते आणि प्रत्येक यूजर स्टोरीच्या, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवं ते त्याच्या बाजूनं एखाद्या वाक्यात सांगणाऱ्या मागणीच्या, कार्डावर ‘रिस्क’ नावाचा रकाना असतो. नवीन मुलांसाठी त्या मराठीत टिपणं काढताहेत. त्या विचारतात, ‘रिस्क’ला ‘धोका’ लिहू की ‘जोखीम’? आणि ‘रिस्क असेसमेंट’ला ‘जोखीम मूल्यमापन’ लिहिलं तर कुणी वाचेल का?

ताई, रकान्याचं नाव ‘जोखीम’ ठेवा. पण ‘धोका’ टाकून देऊ नका, त्यालाही त्याच कार्डावर जागा आहे.

रस्त्यावरच्या विजेच्या डीपीवर कवटीखाली ‘धोका’ लिहिलेलं असतं. तिथं ‘जोखीम’ लिहिलेलं कुणी पाहिलं नसेल. पंढरपुरात भीमेनं धोक्याची पातळी ओलांडली असं आपण म्हणतो, जोखमीची पातळी म्हणत नाही. धोका असतो, दिसतो, संभवतो, टळतो. तिथं कुणी जावो न जावो, तो आपल्या जागी असतोच. जोखीम मात्र माणूस घेतो, उचलतो, पत्करतो, दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. तिला धनी लागतो.

तिचा आणखी एक अर्थ आता कमी ऐकू येतो. अक्कलकोटला एसटीनं निघालेल्या मावशीला माझी आजी बजावायची, ‘अंगावर जोखीम आहे, खिडकीशी बसू नको.’ तिच्या लेखी जोखीम म्हणजे मावशीच्या गळ्यातली बोरमाळ. जिच्यापायी जीव टांगणीला लागतो, ती मोलाची चीजच जोखीम. धोका वाटेत असतो, जोखीम अंगावर असते. तुमच्या कार्डाला नेमका हाच भेद हवा आहे.

एक स्टोरी घेऊ. मी वर्षभर एका लहान टीमच्या बैठकांना बसायचो, तिथलीच. टॉवेलच्या ऑर्डरी घेण्याचं ॲप होतं. कार्डावर लिहिलं होतं : ‘व्यापारी म्हणून मला ऑर्डर नगावर किंवा डझनावर देता यावी, म्हणजे मला हिशेब करत बसावं लागणार नाही.’ रिस्कच्या रकान्यात दोनच शब्द होते, ‘युनिट, मीडियम’. त्यावरून काय तपासायचं हे कुणालाच कळेना. मग एका मुलीनं ते खोडून तिथं मराठीत एक सरळ वाक्य लिहिलं : ‘आधी डझन निवडलं आणि मग बदलून नग केलं, तर पडद्यावर नग दिसेल पण नोंद डझनाचीच होईल.’ खोलीतले सगळे एकदम जागे झाले. पन्नास नग मागवणाऱ्याच्या नावावर सहाशे टॉवेल गाडीत चढणार, हे प्रत्येकाला डोळ्यांपुढं दिसलं.

तिनं लिहिलं तो धोका. धोका असा पूर्ण वाक्यात मांडावा, त्यात ‘तर’ असावं. ‘परफॉर्मन्स’, ‘सिक्युरिटी’, ‘डेटा’ असे सुटे शब्द म्हणजे नुसती कवटी, तार कुठली ते कळत नाही.

आता हाच दोष जुन्या ऑर्डरी शोधण्याच्या पानावर असता तर? व्यापाऱ्यानं पुन्हा शोधलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, विषय संपला असता. धोका तोच, पण अंगावर काय होतं ते वेगळं. म्हणून ऑर्डरची स्टोरी जोखमीची आणि शोधाची स्टोरी कमी जोखमीची. जोखीम जितकी, तपासणी तितकी खोल. ऑर्डरच्या पानावर युनिट उलटसुलट बदलून पाहायचं, शून्य टाकायचं, अर्धा डझन टाकायचं, जतन केलेली ऑर्डर पुन्हा उघडून बदलायची, मधेच नेटवर्क घालवायचं आणि यातलं बरंचसं पुढच्या प्रत्येक फेरीत आपोआप तपासलं जाईल अशी सोय करायची. शोधाच्या पानावर एक नजर पुरते. वेळ दोन आठवड्यांचाच असतो, तो सगळ्या स्टोऱ्यांवर सारखा वाटला तर बोरमाळ आणि काचेच्या बांगड्या एकाच डब्यात जातात.

‘धोका’ रकान्याचं नाव करू नये याला सोलापुरापुरतं आणखी एक कारण आहे. हिंदीत आणि आपल्या दखनीत धोका म्हणजे फसवणूक. ‘या स्टोरीत मोठा धोका आहे’ असं म्हटल्यावर कुणीतरी कुणाला फसवतंय असं अर्ध्या टीमला वाटू शकतं. ‘जोखीम’ मात्र सगळ्यांच्या कानाला ओळखीची लागेल. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तोलण्याला ‘जोकु’ म्हणतात. कानडीत ‘जोके’ म्हणजे जपून. आणि मराठीत तोलण्याला ‘जोखणे’ आहेच. व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी शिकवायला बसलेल्या माणसासाठी ही शेजारच्या भाषांची मदत मोलाची आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही या ‘जोखणे’तच आहे. ‘मूल्यमापन’ म्हटलं की शाळा आठवते, प्रगतिपुस्तक आठवतं. काम झाल्यावर गुण देण्याचा तो शब्द. जोखतात ते आधी. पैलवान हात मिळवतानाच समोरच्याचं पाणी जोखतो. नियोजनाच्या बैठकीत आपण हेच करतो, कोडची एक ओळही लिहिलेली नसते आणि स्टोरीचं पाणी जोखायचं असतं. म्हणून ‘स्टोरी जोखणे’ म्हणा. ‘जोखीम जोखणे’ मात्र नको, जीभ अडखळते. स्टोरी जोखायची आणि जोखीम ठरवायची.

ठरवायची कशी? शक्यता किती आणि नुकसान किती, या दोन प्रश्नांनी. दहावीच्या गणितातली ‘संभाव्यता’ इथं आणू नका. तिथं नेमकं गणित असतं, इथं अनुभवावरचा अंदाज असतो. ‘इम्पॅक्ट’ला ‘परिणाम’ लिहितात, पण परिणाम चांगलाही होतो. ‘नुकसान’ म्हटलं की कुणाचं आणि किती, हे प्रश्न आपोआप येतात. बऱ्याच टीम दोन्हींना एक ते पाच आकडे देऊन गुणाकार करतात. त्याला माझी हरकत नाही, पण तीन गुणिले पाच आणि पाच गुणिले तीन दोन्ही पंधराच येतात. एक अधूनमधून होणारं पण जिव्हारी लागणारं, दुसरी रोजची कटकट. कार्डावर नुसतं पंधरा लिहून हा फरक पुसू नका, दोन्ही आकडे राहू द्या.

आकडे सगळ्यांनी एकाच वेळी दाखवावेत, प्लॅनिंग पोकरमध्ये, म्हणजे कामाचा अंदाज बांधताना सगळे आपापलं आकड्याचं पान एकदम उलटतात, तसे. डेव्हलपरनं दोन दाखवला आणि टेस्टरनं पाच, तर दोघांना आधी बोलू द्यावं. डेव्हलपरला कोड किती गुंतागुंतीचा होणार ते ठाऊक असतं, व्यापाऱ्याची बाजू मांडणाऱ्याला माल परत आल्यावर काय होतं ते ठाऊक असतं. ॲजाइलच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक, रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये यूजर स्टोरीची तीन अंगं सांगितली. मराठीत मी ती कार्ड, बोलणं आणि खातरजमा अशी म्हणेन. जोखीम सापडते ती मधल्या अंगात.

एक गल्लत मात्र टाळा. ‘गड्ड्याच्या आठवड्यात (म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत) दोघं रजेवर, टेस्टिंग उरकेल का?’ ही काळजी खरी आहे, पण ती कामाच्या वेळापत्रकाची जोखीम आहे, स्टोरीतून तयार होणाऱ्या वस्तूची नाही. ती बैठकीच्या फळ्यावर लिहा, कार्डावर नको. दोन्ही एकाच रकान्यात आल्या की डझनाचा घोळ रजेच्या चर्चेत बुडून जातो.

राहिलं व्याकरण, कारण टिपणं मुलांच्या हातात जाणार आहेत. जोखीम स्त्रीलिंगी. ‘मोहीम’च्या चालीवर ‘जोखिमेचा’, ‘जोखिमा’ असं लिहिलेलं मी कितीदा पाहतो. तिची चाल ‘तालीम’ची आहे : तालीम, तालमीत, तालमी, जोखीम, जोखमीत, जोखमी. शिवाय ‘जोखमीची’ या शब्दातच ‘मोठी’ आलेलं असतं, त्यामुळे ‘हाय रिस्क स्टोरी’ला ‘उच्च जोखीम असलेली’ असं लांबण लावायची गरज नाही. ‘जोखमीची स्टोरी’ पुरे, आणि उरलेल्यांना ‘मध्यम जोखमीची’, ‘कमी जोखमीची’. ‘स्टोरी’ला हात लावू नका. ‘कथा’ म्हटलं की सत्यनारायण आठवतो, आणि टीममध्ये सगळे स्टोरीच म्हणतात.