रात्री छातीवर ठेवलेला तो हात

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या साखर पेठेत राहतो. यजमान 54 वर्षांचे, यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आहेत. आठ महिन्यांपूर्वी कारखान्यातच कोसळले. हृदयाचे ठोके बेताल झाले होते म्हणून डॉक्टरांनी छातीत आयसीडी मशीन बसवलं, ठोके बिघडले की आतून शॉक देऊन ते ताळ्यावर आणणारं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आंघोळ करताना त्यांना मशीनचा शॉक बसला. तेव्हापासून न्हाणीघराची कडी लावत नाहीत, दिवा मालवू देत नाहीत, कामाचं नाव काढत नाहीत. परवा म्हणाले, ‘तेव्हाच गेलो असतो तर सुटलो असतो.’ नातेवाईक म्हणतात, मन घट्ट करायला सांग. मी रात्र रात्र त्यांच्या छातीवर हात ठेवून जागी असते. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या परवाच्या वाक्याबद्दल. ते वैतागाचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. आज जेवणं झाली की जवळ बसून सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि तेव्हाच 14416 लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं.

आता ‘मन घट्ट करा’ म्हणणाऱ्यांविषयी. छातीवर आतून लाथ बसावी तसा तो झटका असतो, आणि तोही काही न सांगता बसतो. पुन्हा कधी बसेल या धास्तीत राहणारा माणूस कमकुवत नसतो. आयसीडी बसवलेल्या कितीतरी जणांना हे होतं. ही धास्ती आजाराचाच भाग आहे आणि तिच्यावर इलाज आहे. डेन्मार्कमध्ये 2013-14 साली हृदयकेंद्रांतून घरी जाणाऱ्या रुग्णांची मोठी पाहणी झाली. ठोक्यांचा आजार असलेल्यांपैकी जे मनाने खचलेले होते, त्यांच्यात पुढच्या वर्षभरात मृत्यू जास्त झाले. हे भीती घालायला सांगत नाही. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो, झोपत नाही. सततच्या ताणाने ठोक्यांनाही त्रास होतो. म्हणून मनाची तक्रार हृदयाच्या डॉक्टरांना सांगायलाच हवी. ते विचारणार नाहीत कदाचित, तुम्ही सांगा.

त्याच भेटीत मशीन तपासून घ्या. शॉक कधी बसला, त्या वेळी ठोके कसे होते, याची नोंद मशीनमध्ये असते. खरंच जीवघेणे ठोके होते की मशीनची गफलत झाली, हे त्यावरून कळतं. गफलत असेल तर बहुतेक वेळा सेटिंग बदलून शॉक कमी करता येतात. यजमानांना स्वतःच्या डोळ्यांनी तो आलेख बघू द्या. आयुष्यभर मागाचा बिघाड शोधणारा माणूस आहे, कारण दिसलं की त्याचा निम्मा घोर उतरेल असं मला वाटतं. मागाच्या मोटारीजवळ काम करायचं की नाही, किती अंतर ठेवायचं, गाडी चालवायची का, हेही तिथेच विचारा.

घरात एका कागदावर लिहून ठेवा : एक शॉक बसला आणि बरं वाटतंय, तर बसायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. चोवीस तासांत दोन किंवा जास्त शॉक, किंवा एका शॉकनंतरही चक्कर, छातीत दुखणं, धाप, तर लगेच 108. काय करायचं हे ठरलेलं असलं की न्हाणीघराची कडी हळूहळू लागेल.

मानसोपचार विभाग आपल्या सिव्हिलमध्येही आहे. तिथे जाताना हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. मनाच्या काही गोळ्यांनी ईसीजी बदलतो, त्यामुळे दुकानातून परस्पर काहीही आणू नका. गोळ्यांशिवाय बोलण्याचे उपचारही आहेत, भीतीवर ते चांगले लागू पडतात.

आणि तो हात. ताई, तुमची माया मला कळते. पण अंधारात ठोके मोजणारा हात त्यांनाही कळत असणार, आणि त्या हाताने ते रोज रात्री नव्याने आजारी पडत असणार. राखण मशीन करतंय, तुम्ही झोपा. हात धरावासा वाटला तर दिवसा धरा, सिद्धेश्वर तलावाच्या कडेने दोघं चालताना. किती चालायचं ते डॉक्टरांना विचारून. जवळ जायला घाबरू नका. शॉकच्या क्षणी तुमचा हात त्यांच्या अंगावर असला तरी फार तर झिणझिणी येईल, इजा होणार नाही.

तुमच्या पत्रात तुमच्या झोपेबद्दल, जेवणाबद्दल एक ओळही नाही. डॉक्टरांकडे जाल तेव्हा तेही सांगा, आणि मशीनच्या नोंदीत काय निघालं ते मला कळवा.