थिअरीत पास, पेशंटसमोर हात थंड

‘मॅडम, फिजिओथेरपीचा बराचसा अभ्यास स्क्रीनवर झाला. आता पेशंटला हात लावायची वेळ आली की वाटतं, मला काहीच येत नाही.’ इंटर्नशिप सुरू झालेल्या एका विद्यार्थिनीची ही तक्रार. ऑनलाइन शिकलेल्या अनेकांची हीच असते.

‘काहीच येत नाही’ यावर उपाय करता येत नाही. म्हणून आम्ही तिला एकेक कौशल्य लिहून त्यापुढे ० ते १० असा विश्वासाचा आकडा टाकायला सांगितला. हिस्टरी (पेशंटकडून आजाराची माहिती) घेणं ८, चालण्यातले दोष ओळखणं ७ (व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिल्याचा फायदा!), गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) ५, लॅकमन टेस्ट (गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, फाटलाय का ते पाहायची तपासणी) २. घसरलेले आकडे स्पर्शाचे होते. ओढ दिल्यावर सांधा कुठे आणि कसा अडतो, ते स्क्रीनवर कळणार कसं?

लॅकमनवर तिच्या सुपरवायझरच्या मदतीने जास्त वेळ दिला. गुडघा २० ते ३० अंश वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. ही विद्यार्थिनी मात्र नुसत्या बोटांच्या टोकांनी, बिचकत धरत होती. अशा पकडीत पेशंट मांडीमागचे स्नायू आवळतो, नडगी सरकत नाही आणि फाटलेला लिगामेंटही शाबूत वाटतो. म्हणून तळवा पूर्ण टेकवायचा, हात लहान असेल तर पेशंटची मांडी आपल्या गुडघ्यावर टेकवायची आणि सुरुवात निरोगी पायापासून करायची.

गोनिओमीटरचा सराव मैत्रिणींवर, प्रत्येक गुडघा तीनदा. आकडा मात्र जोडीदाराने वाचायचा; नाहीतर गुडघा वाकण्याचे पुस्तकातले १३५ अंश डोक्यात असतात आणि हात बरोबर तिथेच थांबतो. मापांत पाच अंशांहून जास्त फरक पडला, तर बहुधा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावरून गोनिओमीटरचा मध्यबिंदू सरकलेला असतो. दर वेळी तो उंचवटा नव्याने चाचपायचा.

सुपरवायझरला ‘बरोबर आहे का?’ विचारलं की ‘हो, चालेल’ एवढंच ऐकू येतं. ‘माझ्या हातावर हात ठेवा, दाब कमी पडतोय का सांगा’ असं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

आकडे दर आठवड्याला पुन्हा लिहायचे. काहींचा विश्वास ९ आणि मापं मात्र दर वेळी वेगळी. आम्हाला खरी काळजी त्यांची वाटते. पोस्टिंगच्या (पेशंट तपासायच्या ड्यूटीच्या) आदल्या रात्री झोप न लागणं, पेशंट आला की निमित्त काढून बाजूला होणं हे सरावानंतरही टिकलं, तर मात्र चिंतेवर वेगळी सत्रं घ्यावी लागतात.